सुमेरच्या दगडी प्राण्यांच्या मागावर: बगदाद ते बसरा

शनिवार, बगदाद

इराकला चाललोय म्हटल्यावर घरच्यांचा पहिला प्रश्न सेफ आहे का आणि दुसरा तिथे बघायला आहे तरी काय. दुसऱ्याचं उत्तर मी खरं तेच सांगत होते की आम्ही दोन-चार सेंटिमीटरचे दगडात कोरलेले प्राणी बघायला चाललोय, पाच हजार वर्षांपूर्वीचे, ज्यांना म्युझियमवाले ताईत म्हणतात. बसलेला बैल, मेंढी, मासा, बेडूक, कासव, सिंह, पक्षी, रानडुक्कर, आणि प्रत्येकाला दोरा ओवायला एक भोक. सुमेर, म्हणजे दक्षिण इराकमधली ती जुनी संस्कृती, म्हटलं की लोकांना झिग्गुरात म्हणजे पायऱ्यापायऱ्यांचं उंच देऊळ आठवतं, कीलाकार लिपी आठवते, कथेतला राजा गिलगमेश आठवतो. मला गेली कित्येक वर्षं हे प्राणीच आठवतात कारण झिग्गुरात राजाने बांधलं पण हा एवढासा मासा कुणीतरी अंगावर घालून फिरत होतं.

बरोबर मामा आहेत. मामा नाशिकला सराफ बाजारात उभं आयुष्य सोनारकाम केलेले, आता दुकान मुलाकडे दिलंय आणि सध्या माझ्याकडे शारजाला आलेत. मी त्यांना फोनवर या ताइतांचे फोटो दाखवले तर बाकी सगळं सोडून त्यांनी विचारलं की भोक कुठून पाडलंय, पाठीतून का पोटातून, आणि आरपार सरळ आहे का मध्ये अडकतंय. मला कुठल्याच पुस्तकात कुणी हा प्रश्न असा पहिल्या झटक्यात विचारलेला दिसला नव्हता. तेव्हाच ठरवलं की जायचं तर मामांना घेऊनच.

शारजाहून बगदाद म्हणजे फ्लाइट छोटीशी. व्हिसाची कटकट आधीच उरकली होती, ड्रायव्हर-कम-गाइड ओळखीतून ठरवलेला. रात्री तैग्रिसच्या काठावर मसगूफ खाल्लं, म्हणजे कार्प मासा पाठीतून उभा चिरून, पसरून, लाकडाच्या जाळाशेजारी उभा करून तासभर भाजतात. मामा मासे खात नाहीत, त्यांनी खबूस आणि मसूरचं सूप घेतलं आणि इवल्या काचेच्या पेल्यातला काळा गोड चहा मात्र परत परत मागवला.

रविवार, इराक म्युझियम

आजचा पूर्ण दिवस म्युझियमला. २००३ च्या एप्रिलमध्ये इथे लूट झाली ते सगळ्यांना माहीत आहे, त्यानंतर म्युझियम २०१५ ला उघडलं, मग परत बंद, मग २०२२ ला परत उघडलं. आत शिरल्यावर असिरियन दालनातले ते पंखवाले प्रचंड बैल बघून माणूस तिथेच थांबतो, आम्हीही थांबलो, पण मामा म्हणाले, "अगं, हे मोठे नंतर बघू, माझे डोळे ताजे आहेत तोवर बारीक काम दाखव." म्हणून सरळ सुमेरी दालन.

तिथे आधी वारकाचं, म्हणजे उरुक शहराचं, पात्र लागतं. साधारण एक मीटर उंच, अलाबास्टरचं, इ.स.पू. ३००० च्या आसपासचं. खाली पाणी, त्यावर पिकं, त्यावर मेंढ्यांची रांग, त्यावर टोपल्या घेतलेले उघडे पुरुष, आणि सगळ्यात वर इनान्ना देवीच्या दारात नजराणा पोचतोय. २००३ मध्ये हे तळापासून तोडून नेलं होतं आणि दोन महिन्यांनी गाडीच्या डिकीतून तुकड्यांमध्ये परत आणून दिलं. या पात्राची एक डागडुजी तर त्याच काळातली आहे, म्हणजे तेव्हाही ते तुटलं होतं आणि तेव्हाच्याच लोकांनी ते सांधून परत वापरात आणलं. मामांना ही गोष्ट एवढी आवडली की ते पात्राभोवती दोनदा फिरले. वरच्या पट्ट्यात देवीच्या मागे भांडारात ठेवलेल्या वस्तू कोरल्यात, त्यात प्राण्यांच्या आकाराची भांडीसुद्धा आहेत, म्हणजे देवळाला प्राण्याच्या आकाराच्या वस्तू देणं ही तेव्हाची पद्धतच होती हे दगडावरच लिहून ठेवल्यासारखं आहे.

आणि मग शेवटी ते कपाट. मी फोटो खूप बघितले होते पण प्रत्यक्षात ते एवढे लहान असतील असं वाटलं नव्हतं. एक बसलेलं वासरू होतं, पांढरट चुनखडीचं, खारकेएवढं. पाय चारही पोटाखाली दुमडलेले, आणि ते वेगळे कोरलेले नाहीतच, नुसती एक खोल रेघ आणि त्यात गुडघ्याचा उंचवटा. अंग कडेने दिसतं आणि मान मात्र आपल्याकडे वळवलेली, म्हणजे गळ्यात घातलं की प्राणी आडवा बसलाय आणि तोंड समोरच्याकडे. ही वळवलेली मान या काळातल्या बऱ्याच बैलांत आणि वासरांत दिसते. डोळ्यांच्या जागी नुसत्या खोबण्या, त्यात कधीकाळी शिंपल्याचे किंवा लाजवर्द या निळ्या दगडाचे तुकडे डांबराने बसवलेले असायचे, बहुतेकांचे पडून गेलेत.

मामांनी सवयीने खिशातून भिंग काढलं पण काचेतून भिंगाचा काय उपयोग, मग माझ्या मोबाइलचा कॅमेरा झूम करून आम्ही एकेक प्राणी बघत बसलो. कोरणाऱ्याने पाय पोटाखाली का घेतले हे त्यांनी लगेच सांगितलं. सुटे पाय काढले तर पहिल्यांदा पडलं की मोडणार, वापरायची वस्तू असेल तर कारागीर बाहेर आलेलं काही ठेवत नाही, शिंगंसुद्धा बघ डोक्याला चिकटून मागे नेलीत. आणि एवढी बंधनं असूनही मेंढी मेंढीच दिसते, बोकड वाटत नाही. पाठीची जड गोलाई, खाली झुकलेलं नाक. हे काम करणारा माणूस रोज त्या जनावरांत वावरत असणार, ऐकीव माहितीवर हे होत नाही.

भोकांचं प्रकरण तर त्यांनी तासभर चालवलं. दगडाला एका बाजूने पूर्ण भोक पाडत गेलं तर पलीकडे बाहेर पडताना कपचा उडतो, म्हणून दोन्ही बाजूंनी अर्धं अर्धं पाडायचं आणि मध्ये गाठ घालायची. त्यामुळे भोक तोंडाशी रुंद आणि मध्ये अरुंद होतं. एका फुटलेल्या माशात हे आम्हाला उघडं दिसलं, दोन निमुळते शंकू एकमेकांना टेकलेले आणि किंचित चुकलेले. सामत्यासारखं दोरीच्या धनुष्यावर फिरणारं हत्यार आणि टोकाशी कुरुंद किंवा गारगोटीची भुकटी पाण्यात कालवून, एवढ्यावर हे सगळं. मामांनी आणखी एक दाखवलं, की दोरा ज्या बाजूला ओढला जातो तिथली भोकाची कड झिजून गुळगुळीत होते. काही प्राण्यांची वरची कड स्पष्ट झिजलेली होती. म्हणजे ते खूप दिवस, बहुतेक वर्षानुवर्षं लटकत होते. आणि काहींची कड मात्र अगदी कोरी, काल पाडल्यासारखी. "हे कुणी घातलंच नाही," मामा म्हणाले, "हे केलं आणि नेऊन ठेवलं."

यावर माझा जीव अडकला, कारण नेमका हाच वाद अभ्यासकांत आहे. हे ताईत होते, मणी होते, शिक्के होते का देवाला वाहायच्या वस्तू? बऱ्याच प्राण्यांचा तळ सपाट असतो आणि त्यावर गोल गोल खळगे पाडून, ते जोडून, अजून छोटे प्राणी काढलेले असतात. एका सिंहाच्या तळावर असे दोन हरणासारखे प्राणी होते आणि शेजारी मातीत उमटवलेला ठसा ठेवला होता. म्हणजे वरून सिंह, खालून शिक्का. पण असे ठसे रोजच्या व्यवहाराच्या मातीच्या सीलबंद गोळ्यांवर फारसे मिळत नाहीत, तिथे लाटून उमटवायचे दंडगोल शिक्केच जास्त. मग ती खालची चित्रं कुणाला दिसण्यासाठी? घालणाऱ्याच्या छातीला ती टेकलेली असणार, बाहेरच्याला दिसणारच नाहीत. मला वाटतं त्यांचं काम दिसणं हे नव्हतंच, असणं हे होतं. हे माझं मत, पण त्या कपाटासमोर उभं राहून ते जास्त पक्कं झालं.

लुटीबद्दल एक गोष्ट इथे लिहायलाच पाहिजे. दालनातल्या मोठ्या वस्तू चोरीला गेल्या त्यांचे फोटो जगभर छापून आले आणि त्यामुळे त्यातल्या बऱ्याच परत आल्या, तो वारकाचा संगमरवरी चेहरासुद्धा सप्टेंबर २००३ मध्ये जमिनीत पुरलेला सापडला. पण तळघरातल्या स्टोअरमधून दहा हजारांहून जास्त बारीक वस्तू गेल्या, दंडगोल शिक्के, मणी, टाचण्या, ताईत. चोरांना कपाटांच्या किल्ल्या मिळाल्या होत्या पण अंधारात त्या खोक्यांच्या ढिगात पडल्या आणि सापडल्या नाहीत, म्हणून कपाटं वाचली आणि जमिनीवरचे खोके गेले. खिशात मावणारी वस्तू सीमेपार न्यायला ट्रक लागत नाही. मोठ्याचा शोध लागतो, मुठीतलं हरवतं, आणि त्या मुठीतल्यांतच हे प्राणी.

मोठे बैल बघायला शेवटी अर्धा तासच उरला.

सोमवार, उरुक

पहाटे पाचला निघालो, दक्षिणेला समावाच्या दिशेने. रस्ता सपाट, वाटेत चेकपोस्ट बरेच, प्रत्येक ठिकाणी पासपोर्ट, आणि इंडिया म्हटलं की शिपायाचा चेहरा खुलतो आणि अमिताभ बच्चनचं नाव येतं. समावाला जेवून पुढे पूर्वेला साधारण तीस किलोमीटरवर वारका, म्हणजे उरुक.

उरुकला पोचल्यावर पहिल्यांदा काहीच दिसत नाही. नुसती मातकट टेकाडं आणि क्षितिजापर्यंत पसरलेली खापरं. फरात म्हणजे युफ्रेटिस नदी कधीकाळी शेजारून वाहायची, ती लांब सरकली आणि शहर संपलं. पण इ.स.पू. ३३०० च्या सुमाराला हे बहुतेक जगातलं सगळ्यात मोठं शहर होतं. नंतरची तटबंदी नऊ किलोमीटरहून लांब, आत साडेपाच चौरस किलोमीटर जागा. लेखन इथेच सुरू झालं. जर्मन लोक १९१२ पासून मधूनमधून खोदतायत आणि अजून बराचसा भाग जमिनीतच आहे.

आम्हाला एआन्ना बघायचं होतं, इनान्नाच्या देवळांचा परिसर. इथे १९३० च्या दशकात एका इमारतीत वस्तूंचा एक मोठा साठा एकत्र सापडला, त्याला पुस्तकांत जर्मन नावाने झामेलफुंड म्हणतात. देवळाच्या जुन्या वस्तू एका जागी ठेवलेल्या होत्या, भांडी, शिक्के, जडावाचे तुकडे आणि त्यात भरपूर दगडी प्राणी. हे फार महत्त्वाचं आहे, कारण बाजारात विकत घेतलेल्या ताइताबद्दल आपल्याला फक्त तो सुंदर आहे एवढंच कळतं, पण इथल्या मेंढीबद्दल ती इनान्नाच्या देवळाच्या मालकीची होती हे कळतं. बगदादच्या पूर्वेला दियाला नदीच्या भागात खफाजा म्हणून ठिकाण आहे, तिथे खोदणाऱ्या शिकागो विद्यापीठाच्या लोकांना चंद्रदेव सिनच्या देवळातसुद्धा असेच प्राणी मिळाले. मामांचं कालचं वाक्य, केलं आणि नेऊन ठेवलं, ते या दोन्ही ठिकाणांना बरोबर लागू पडतं.

आता देवळात मेंढ्या का, तर देवळाची खरीखुरी मेंढरं होती, हजारांनी. उरुकच्या सगळ्यात जुन्या मातीच्या पाट्यांवर कविता नाही की पुराण नाही, जवळजवळ सगळा हिशोब आहे. किती जव, किती बिअर, किती मेंढ्या. मेंढीची खूण म्हणजे वर्तुळात फुली, बास. आणि हिशोब नसलेल्या पाट्या आहेत त्या शब्दांच्या याद्या, लेखनिक पोरांनी पाठ करायच्या, त्यात गुरांची यादी, माशांची यादी, पक्ष्यांची यादी, डुकरांची यादी. माझ्या डोक्यात हे एकदम जुळलं की एकाच शहरात, एकाच देवळाच्या आवारात एक माणूस माशांची नावं ओल्या मातीवर टोचत होता आणि दुसरा तोच मासा दगडात घासत होता. मेंढी फुली झाली आणि मेंढी ताईतही झाली. बर्लिनच्या म्युझियममध्ये तर याच काळातला एक दंडगोल शिक्का आहे ज्याच्या डोक्यावर धातूचा छोटा मेंढा बसवलाय आणि खाली शिक्क्यावर राजा-पुजारी मेंढरांना फांद्या खाऊ घालतोय. देवळाचा हिशोब आणि देवळाचं जनावर एकाच वस्तूत, मला याहून स्पष्ट पुरावा माहीत नाही.

दगड कुठून आणला हाही प्रश्न मामांनी तिथेच काढला, कारण त्यांनी चालताना बराच वेळ खाली बघितलं आणि म्हणाले इथे तर खडासुद्धा नाही. खरंच नाही. सगळी गाळाची जमीन, घर मातीचं, भिंत मातीची, विळासुद्धा भाजलेल्या मातीचा. चुनखडी पश्चिमेच्या वाळवंटाच्या कडेवरून आणायची, आणि लाजवर्द तर पार अफगाणिस्तानातल्या बदख्शानहून, डोंगर-वाळवंट ओलांडून. त्यामुळे इथे दगडाचा एवढासा तुकडासुद्धा लांबून आलेला माल होता. मामांच्या भाषेत सांगायचं तर इथे दगडाचा भाव सोन्याच्या रांगेतला, म्हणून तुकडा वाया न घालवता त्याच्या आकारातच जनावर शोधलेलं दिसतं.

पायाखाली भाजलेल्या मातीचे छोटे शंकू पडलेले दिसतात, भिंतीत ठोकून नक्षी करायचे ते. उचलायचं काहीही नाही. २०२२ मध्ये एका ब्रिटिश पर्यटकाला इरिदू या जुन्या सुमेरी शहरातली खापरं उचलली म्हणून पंधरा वर्षांची शिक्षा झाली होती, पुढे ती रद्द झाली, पण कायदा कडक आहे आणि मला तो बरोबरच वाटतो. राखणदाराचं कुटुंब तिथेच राहतं, त्याने चहा पाजला. रात्री नासिरियाला मुक्काम.

मंगळवार, उर

उर नासिरियापासून जवळच. झिग्गुरातचा खालचा टप्पा १९८० च्या दशकात नव्या विटांनी उभा केलाय त्यामुळे तो फोटोत फार नीटनेटका दिसतो, जवळ गेलं की मूळ विटा आणि त्यांच्यामधलं डांबर दिसतं. मामा पायऱ्या चढले, मी खाली सावली शोधली. नोव्हेंबर असूनही अकराला ऊन चटका देतं.

आमचं काम पलीकडे होतं, राजघराण्याच्या दफनभूमीत. ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ लेनर्ड वुलीने १९२२ ते १९३४ इथे खोदलं, साधारण १८५० कबरी निघाल्या, त्यातल्या सोळांना त्याने राजकबरी म्हटलं. आता तिथे खोल खड्डे आणि विटांच्या कमानी, खाली उतरायला मनाई. पुआबी राणीची कबर यातलीच. तिचं नाव कळलं ते तिच्याजवळ सापडलेल्या लाजवर्दाच्या शिक्क्यावरून. अंगावर सोनं, चांदी, लाजवर्द, तांबडा अकीक यांच्या मण्यांचा झगाच होता, आणि उजव्या दंडाशी लाजवर्दाच्या डोक्याच्या लांब सोन्याच्या टाचण्या आणि त्यांच्याजवळ ताईत, सोन्याचे आणि लाजवर्दाचे मासे आणि शेजारी शेजारी बसलेली सोन्याची हरणांची जोडी. म्हणजे उरुकच्या प्राण्यांनंतर पाच-सहाशे वर्षांनीही प्राणी अंगावर आहेत, फक्त आता दगडाबरोबर सोनं आलंय आणि ते देवळातून कबरीत गेलेत.

हे सगळं आता फिलाडेल्फियाला आहे, काही लंडनला, काही बगदादला, तीन ठिकाणी वाटलं गेलं कारण तेव्हाचा कायदाच तसा होता. पण वुलीने कोणती वस्तू शरीराच्या कुठल्या बाजूला, कशाशेजारी पडली होती हे लिहून ठेवलं म्हणून आपण आज मासे दंडाशी होते असं म्हणू शकतो. तोच मासा चोरट्या खड्ड्यातून निघाला असता तर तो कुणाच्या अंगावर होता, बाईच्या का पुरुषाच्या, गळ्यात का दंडात, सगळं कायमचं गेलं असतं. २००३ नंतर दक्षिण इराकमध्ये कितीतरी टेकाडं अशी चाळणी झाली. २०२१ मध्ये अमेरिकेने सतरा हजार वस्तू इराकला परत दिल्या, त्याचा आनंद आहेच, पण वस्तू परत आली तरी तिची जागा परत येत नाही, ती कुठल्या खोलीत कशाखाली होती हे कुणी सांगू शकत नाही.

उरच्या कबरींत माशीच्या आकाराचे लाजवर्दाचे मणीही मिळाले. माशी का, हे मला आधी कळत नव्हतं. पण महापुराच्या जुन्या कथेत एक जागा आहे, पूर ओसरल्यावर देव होमाच्या वासाने माश्यांसारखे गोळा होतात, आणि आपली लेकरं बुडाली म्हणून रडणारी मातृदेवी मोठमोठ्या माश्यांचा दागिना उचलून म्हणते की गळ्यातला हा लाजवर्द मला या दिवसांची आठवण देत राहो. कथा उरच्या कबरींपेक्षा नंतर लिहिली गेलीय त्यामुळे मणी आणि कथा थेट जोडता येत नाहीत. तरी गळ्यातला दगड ही आठवण धरून ठेवायची गोष्ट आहे असं इथल्या लोकांना वाटत होतं, एवढं त्यातून कळतं आणि मला ते पुष्कळ आहे.

मामांना मात्र इथे अकीकाने धरलं. उरमध्ये सापडलेले लांब नळीसारखे तांबडे मणी आणि पांढरी नक्षी भाजून उमटवलेले मणी सिंधू संस्कृतीच्या लोकांकडून आले, कच्चा माल गुजरातचा. "म्हणजे आपल्याच बाजूचे कारागीर," मामा म्हणाले आणि बराच वेळ त्या खड्ड्याच्या कठड्याला टेकून बघत राहिले. बोटाएवढा लांब मणी आणि त्यात आरपार भोक, हातावर, ते किती दिवसांचं काम असेल याचा हिशोब त्यांनी मला तोंडी करून दाखवला आणि तो दिवसांत बसला नाही, आठवड्यांत गेला.

बुधवार, चिबायिश

आज दलदलीत. हे मुद्दाम ठेवलं होतं, कारण ताइतांतले प्राणी कपाटात बघून झाले, आता ते जिथले आहेत ती जागा. चिबायिशहून मशहूफ म्हणतात त्या लांबट होडीतून निघालो. दोन्ही बाजूंना बोरूचं रान, होडीवाल्याच्या डोक्याच्या वर गेलेलं. ९० च्या दशकात सद्दामने कालवे काढून ही सगळी दलदल कोरडी पाडली होती, २००३ नंतर लोकांनी बांध फोडून पाणी परत आणलं, २०१६ मध्ये उर, उरुक, इरिदूसकट जागतिक वारशात नोंद झाली, आणि आता पाऊस कमी आणि वर धरणं म्हणून पाणी परत आटतंय. होडीवाल्याने काठीने आधीची पातळी दाखवली, ती बघून बोलवेना.

पण पाणी आहे तिथे सगळी मंडळी हजर. कासव लाकडावरून सुळकन पाण्यात गेलं, बेडकांचा आवाज चालूच, बगळे, खंड्या, आणि रानडुकरं आहेत म्हणून रात्री एकटं फिरू नका असं होडीवाल्याने सांगितलं. सिंह नाही. तो इराकमध्ये विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत होता, मग संपला. एका बेटावर बोरूचा मुधीफ, म्हणजे पाहुण्यांचं घर, बोरूच्या जाड जुड्या कमानीत वाकवून बांधलेलं, खिळा एक नाही. लंडनच्या म्युझियममध्ये उरुक काळातली एक दगडी द्रोणी आहे तिच्यावर असंच बोरूचं घर कोरलंय आणि आतून कोकरं बाहेर येतायत. मी ते चित्र मोबाइलवर काढून तिथल्या आजोबांना दाखवलं, त्यांनी चष्मा लावून बघितलं, घराकडे बोट केलं आणि मग चित्रातल्या मेंढीकडे बोट करून मान हलवली, इथे म्हशी.

म्हशींवरून मामा खुश. सकाळी ताज्या म्हशीच्या दुधाची गैमर म्हणजे जाड साय, वर खजुराचा काकवीसारखा दिबिस, गरम भाकरी. पाळीव म्हैस सिंधूकडून इकडे आली असं मानतात, उरच्या कबरींनंतरच्या अक्कदी राजांच्या काळात शिक्क्यांवर ती दिसते, पॅरिसच्या लूव्रमध्ये शारकालीशारी राजाच्या लेखनिकाचा एक शिक्का आहे त्यावर दोन म्हशींना पाणी पाजतायत आणि शिंगांचे वळसे काय सुंदर काढलेत. त्याच्या आधीच्या उरुकच्या ताइतांत मात्र मला म्हैस भेटली नाही, बैल भेटला. कारागिराने समोर असलेलंच जनावर कोरलं हे त्यावरूनही कळतं.

गुरुवार, बसरा

बसरा म्युझियम सद्दामच्या जुन्या राजवाड्यात आहे, शत्त अल अरब नदीच्या बाजूला. २०१६ मध्ये एक दालन उघडलं, २०१९ मध्ये सुमेरी, बाबिली, असिरियन दालनं. गर्दी नाही, शाळेची एक सहल तेवढी होती, पोरी काचेला नाक लावून बघत होत्या.

इथे मामांची एका तरुण कर्मचाऱ्याशी गट्टी जमली. मामा हिंदीत, तो अरबीत, मध्ये मी आणि मोबाइलचं ट्रान्सलेट. मामांनी कागदावर भोकाच्या चार पद्धती काढून दाखवल्या, पाठीतून आडवं, मानेतून, पाठीवर वेगळी कडी ठेवून तिच्यात, आणि तळातून उभं. आडव्या भोकाचा प्राणी गळ्यात नीट बसतो, उभ्या भोकाचा डोकं वर करून लटकतो किंवा काडीवर खोचता येतो, म्हणजे सगळे एकाच कामाचे नसणार. पोराने तो कागद मागून घेतला आणि आत जाऊन आणखी एकाला घेऊन आला, मग परत पहिल्यापासून. सगळे प्राणी ताईतच होते की नाही याचं उत्तर मला इथे मिळालं ते हेच, की नाव एक दिलंय म्हणून काम एक होतं असं नाही, आणि त्यासाठी प्राण्याच्या तोंडाआधी त्याचं भोक आणि त्याची सापडलेली जागा बघायला हवी.

दुपारी नासिरियाच्या रस्त्यावर तीसेक किलोमीटर जाऊन युद्धस्मारकही बघितलं. पहिल्या महायुद्धात सहावी पूना डिव्हिजन इथूनच वर गेली, त्यात मराठा पलटणी होत्या, १०३, ११०, ११७, आणि त्यातले कितीतरी कूत गावाला पडलेल्या तुर्की वेढ्यात अडकले. भिंतीवर साध्या भारतीय शिपायांची नावं नाहीत, पलटणीखाली नुसता आकडा आहे. मामांनी चपला काढल्या, आम्ही थोडा वेळ थांबलो आणि परत फिरलो.

एअरपोर्टवर मामांनी खंबातच्या एका जुन्या मण्यांच्या व्यापाऱ्याला फोन लावला, की अजून कुणी धनुष्यावर हाताने अकीकाला भोक पाडतं का. तो म्हणाला थोडीच घरं उरलीत पण आहेत, या तुम्ही, करून दाखवतील. मामा म्हणतायत चुनखडीचा एक तुकडा बरोबर न्यायचा आणि दोन्ही बाजूंनी भोक पाडून घ्यायचं, वेळ लावून बघायचा. जानेवारीचं तिकीट बघायला सांगितलंय मला.